इंजिन बेचं वायरिंग लपवताय? या चुका टाळा

बॉनेट उघडलं की नुसतं इंजिन दिसावं, वायर एकही दिसू नये, ही हौस जुन्या होंडा सिव्हिकवाल्यांनी जगभर पसरवली. १९९२ ते ९५ ची ईजी आणि १९९६ ते २००० ची ईके या गाड्यांवर ‘वायर टक’चे, म्हणजे वायरी लपवण्याचे, सगळे प्रकार होऊन गेले आहेत: हार्नेस (वायरींचा जुडगा) इनटेक मॅनिफोल्डखालून न्यायचा, हेडलाइटच्या वायरी मडगार्डच्या आत ढकलायच्या, फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली आणि बॅटरी थेट डिकीत. भारतात सिव्हिक आली २००६ मध्ये, त्यामुळे या पिढ्या इथे क्वचितच दिसतात. पण पहिल्या सिटीवर किंवा एस्टीमवर हेच काम काढलं तरी चुका याच होतात. वायरींचे रंग आणि पिनांची जागा बदलते, बाकी सारं तेच.

काम पूर्ण होतं, फोटो झकास येतात, आणि आठवड्याभरात गाडी रुसते. कारणं शोधायला गेलात तर बहुतेक वेळा दोनच निघतात: वायर लांब झाली, किंवा अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट) बिघडला.

सेल्फ फिरत नाही, नुसतं ‘टक’ होतं

बॅटरी डिकीत गेली की सेल्फपर्यंतची केबल साधारण ५ मीटर होते. तांब्याची १ स्क्वेअर एमएमची वायर मीटरमागे सुमारे १७ मिलिओहम रेझिस्टन्स देते. म्हणजे १६ स्क्वेअर एमएमची ५ मीटर केबल झाली ५.४ मिलिओहम. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ १५० अँपिअर ओढतो असं धरलं, तर या केबलमध्येच ०.८ व्होल्ट जिरतात. ३५ स्क्वेअर एमएममध्ये हाच आकडा ०.३७ वर येतो, ५० मध्ये ०.२६ वर. सेल्फ मारल्याच्या पहिल्या क्षणी करंट याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा ३५ च्या खाली जाऊच नका. दुकानात ‘अँप्लिफायर किट’ म्हणून मिळणाऱ्या जाडजूड केबलचं टोक सोलून बघा. बऱ्याचदा आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं, आणि जाडी भरते ती प्लास्टिकने.

मात्र या ‘टक’ आवाजाचा खरा गुन्हेगार पुष्कळदा ही जाड केबल नसतेच. तो असतो सोलेनॉइडला (सेल्फला करंट देणाऱ्या चुंबकी स्विचला) जाणारा बारीक वायर. चावीच्या स्विचमधून, क्लच स्विचमधून फिरून येणारा हा वायर लपवालपवीत आणखी मीटर-दीड मीटर लांबवला जातो. थंड इंजिनावर निभावतं. गाडी तापली की सोलेनॉइडची गुंडाळी तापते, १०० अंशांवर तिचा रेझिस्टन्स २० अंशांच्या मानाने तीस टक्क्यांनी वाढतो, तिची ओढ कमी पडते. म्हणून सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी पेट्रोल पंपावर अडते. उपाय स्वस्त आहे. सेल्फजवळ एक साधा ३० अँपिअरचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवा, नंबर त्याच्या पिनांवर असतात: ३० नंबरला फ्यूजमधून आलेला जाड लाइव्ह, ८७ वरून सोलेनॉइडला आखूड अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८६ ला चावीची मूळ वायर, ८५ ला अर्थ.

अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा मल्टिमीटर लावा. इंजेक्टरचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), काळा सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. मग बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन ब्लॉकचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा. इथे ०.२ च्या वर गेलं की दोष अर्थमध्ये आहे. खुंटीवर मोजून जास्त आणि क्लॅम्पवर मोजून बरोबर येत असेल, तर क्लॅम्पच ढिला किंवा गंजलेला.

अर्थ म्हणजे उरलेली वायर नव्हे

पॉझिटिव्हला ३५ स्क्वेअर एमएम घालायचं आणि इंजिन ते बॉडी मूळची बोटभर पट्टी ठेवायची, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बॅटरी मूळ जागी असते तेव्हा जाड निगेटिव्ह थेट गिअरबॉक्सवर किंवा जवळच्या बॉडीवर येतो. बॅटरी डिकीत गेल्यावर सेल्फचा सगळा करंट इंजिनातून बॉडीत आणि बॉडीतून डिकीत परततो. ही पट्टी पुरली नाही तर करंट दुसरी वाट शोधतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. त्या तापतात, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि अ‍ॅक्सिलरेटर जड होतो. अ‍ॅक्सिलरेटर केबलला तेल घालून काही होत नसेल, तर आधी इंजिनाचा अर्थ तपासा.

नियम साधा: इंजिन ते बॉडीचा पट्टा पॉझिटिव्ह केबलइतकाच जाड. दोन ठिकाणी दिलात तर आणखी बरं.

जुन्या होंडात ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) अर्थ थर्मोस्टॅट हाउसिंगवरच्या एका बोल्टला येतात. होंडाच्या आकृत्यांत त्या जागेला जी-१०१ म्हणतात. हाउसिंगला पावडर कोटिंग करून आणलं, बोल्ट परत आवळला, आणि मध्ये रंगाचा थर तसाच राहिला, की भुतं नाचायला लागतात. हेडलाइट लावले की आयडल खालीवर, इंडिकेटरबरोबर टेंपरेचरचा काटा उड्या मारतो, एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे बिघाडाचे कोड येतात. इतके सेन्सर एकदम जात नसतात. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसते तेवढ्या गोलातला रंग खरवडून धातू चमकवा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. आधी नव्हे.

आणि सेन्सरचे अर्थ बॉडीला जोडण्याचा शॉर्टकट घेऊ नका. ते ईसीयूतूनच परत यायचे असतात. जवळच बोल्ट दिसला म्हणून थ्रॉटल सेन्सरचा अर्थ तिथे टाकला, की फॅन चालू झाला रे झाला थ्रॉटलचं रीडिंग हलतं.

‘नको असलेली’ वायर

एसी काढला, एसीच्या वायरी काढल्या, इथवर ठीक. पुढे मात्र कात्री सैल सुटते.

अमेरिकी बाजारातल्या सिव्हिकच्या बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये ईएलडी नावाचा भाग असतो. गाडीत एकूण किती करंट खर्च होतोय ते तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू त्यावरून अल्टरनेटर कमी-जास्त करतो. फ्यूज बॉक्स बदलला किंवा आत नेताना ईएलडी सुटला, की २० नंबरचा कोड येतो. ट्यून केलेल्या ईसीयूत तो बंद करता येतो. मूळ ईसीयू असेल तर ईएलडीही न्या.

फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) इंजेक्टर रेझिस्टर बॉक्स दिसायला कुरूप आहे खरा. तो काढायच्या आधी एका इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. दहाच्या वर आलं तर बॉक्सची गरज नाही. दोन-तीनच्या आसपास आलं आणि तरी बॉक्स काढला, तर ईसीयूतली इंजेक्टर चालवणारी सर्किटं जळतील. ईसीयू गेलेला त्याच दिवशी कळतं असंही नाही. कधी एक सिलिंडर अधूनमधून मरायला लागतो आणि माणूस प्लग बदलत बसतो.

मूळ मीटर काढून रेसचा डॅश लावणाऱ्यांनी चार्जिंगच्या दिव्याची वायर जपावी. अनेक अल्टरनेटर त्या दिव्यातून येणाऱ्या थोड्याशा करंटनेच जागे होतात. लक्षण: गाडी सुरू झाल्यावर १२.४ व्होल्ट, एकदा दणकून रेस केली की १४.

जोड

इथे मत ठाम असू द्या: इंजिनवर सोल्डर नको. कथिल तारांच्या आत चढतं, तेवढा तुकडा काडीसारखा कडक होतो आणि कडक-मऊच्या सीमेवर कंपनाने तुटतो. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आतून तार तुटलेली. चांगल्या क्रिम्पिंग टूलने उघड्या बॅरलचा जोड करा, वरून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि प्रत्येक जोड हाताने खेचून बघा. पाच-सहा वायरी लांबवायच्या असतील तर जोड एकाच जागी येऊ देऊ नका. ३–४ सेंटीमीटरने पुढेमागे ठेवा, नाहीतर हार्नेसला गाठ येते आणि शेजारचे जोड एकमेकांना घासतात.

ऑक्सिजन सेन्सरला सोल्डरची बंदी दुप्पट आहे. बरेच साधे सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा स्वतःच्या वायरीतून आत घेतात. तारा कथलाने बुजवल्या की रीडिंग सरकतं. बॉशच्या एलएसयू ४.९ सारख्या वाइडबँड सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्याच सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो, म्हणून कनेक्टर कापून दुसरा लावू नये. लांबी कनेक्टरच्या पलीकडे, हार्नेसच्या बाजूला वाढवा.

डिस्ट्रिब्युटरमधल्या सेन्सरच्या वायरींवर जाळीचं आवरण असतं. ते लांबवताना आवरणही पुढे न्या आणि एकाच टोकाला अर्थ करा. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर गाडी सुरू होईलही, पण टायमिंग भलतीकडे असेल किंवा वरच्या आरपीएमला फटफट करेल. नॉक सेन्सरची वायर अल्टरनेटरच्या केबलला चिकटवून बांधू नका.

वाट कुठून काढली

मडगार्डच्या आतली जागा बघून मोह होतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, सस्पेन्शन दाबलेलं असताना टायर कुठवर येतो ते बघा, मग वाट ठरवा. पावसाळ्यात तिथे चिखलाचा फवारा बसतो, म्हणून मडगार्डमध्ये जोड आणि कनेक्टर ठेवूच नयेत. तिथून फक्त अखंड वायर जावी. उंदरांनाही ही आडोशाची जागा फार आवडते.

पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकात ग्रोमेट. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये हार्नेसला वळसा सैल ठेवा. रेस दिल्यावर इंजिन माउंटवर कलतं, आणि ताणून बांधलेला हार्नेस आधी कनेक्टरच्या पिना ओढतो. घरगुती वायरिंगची पीव्हीसी ७० अंशांची असते, बॉनेटखाली टिकत नाही. १२५ अंशांची टीएक्सएल जातीची गाडीची वायर घ्या. काळी इन्सुलेशन टेप गरमीत गोंद सोडते, त्याऐवजी कापडी हार्नेस टेप.

डिकीतली बॅटरी

बॅटरीपासून वीतभर अंतरात मेगा फ्यूज (जाड केबलचा मोठा फ्यूज) हवाच. ३५ स्क्वेअर एमएमला २०० ते २५० अँपिअर. ही केबल सीटखालून जाते, आणि फ्यूज पुढच्या टोकाला लावला तर मधली सगळी केबल उघडी राहते. साधी बॅटरी असेल तर बंद पेटी आणि बाहेर सोडलेली वायुनळी.

किल स्विच (गाडीची वीज एका झटक्यात तोडणारा) दोन टोकांचा घेऊ नका. चालत्या इंजिनावर तो बंद केला तर अल्टरनेटर गाडी चालूच ठेवतो, वर व्होल्टेजचा झटका ईसीयूला बसतो. इग्निशन तोडणारे जादा कॉन्टॅक्ट आणि रेझिस्टर असलेला स्विच लागतो.

कोड वाचताना

१९९२–९५ च्या सिव्हिकमध्ये डॅशबोर्डखालच्या दोन पिनांच्या सर्व्हिस कनेक्टरला जंपर लावून चावी ऑन केली की चेक इंजिन दिवा कोड देतो. लांब लुकलुक दहाची, आखूड एकची. टकनंतर हमखास येणारे: ४, ८, ९ डिस्ट्रिब्युटरमधले तीन सेन्सर, ७ थ्रॉटल, २१ व्हीटेक (होंडाची व्हॉल्व्ह यंत्रणा) सोलेनॉइड, २२ व्हीटेकचा प्रेशर स्विच, २३ नॉक. ४, ८, ९ एकत्र आले तर डिस्ट्रिब्युटर विकत घ्यायच्या आधी त्याचा कनेक्टर उघडा. लांबवलेल्या हार्नेसमधली एखादी पिन मागे सरकलेली असते आणि नखाने ढकलली की ‘टिक’ करून जागेवर बसते.