गावात गोवर शिरला तर २१ दिवस कसे काढायचे

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. लग्नाचा मांडव असो की वीटभट्टीवरून परतलेलं कुटुंब, गोवर कुठून शिरेल सांगता येत नाही. शिरला की दारोदार जे सांगते, ते इथं लिहिते.

आधी तारीख लिहा. दाणे उठले ती नव्हे, तुमचं लेकरू आजारी पोराजवळ होतं ती. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथं गोल करा आणि पुढं २१ दिवस मोजा. ताप साधारण १० ते १२ दिवसांनी येतो, दाणे १४ व्या दिवसाच्या आसपास, कधी त्याहून उशिरा. आणि दाणे दिसायच्या ४ दिवस आधीपासूनच लेकरू रोग पसरवतं. तेव्हा नुसती सर्दी, खोकला, ताप आणि लाल डोळे असतात. "अंगावर काही उठलं तर पाहू" म्हणत थांबलं की तोवर अख्खी अंगणवाडी सापडलेली असते. लस न झालेली १० पोरं जवळ आली तर त्यातल्या ९ जणांना गोवर होऊ शकतो.

पहिले ७२ तास फार मोलाचे. लसीकरणाचं कार्ड काढा. ९ महिने पूर्ण होऊन एमआरची (गोवर-रुबेलाची) लस राहिली असेल, किंवा एकच डोस झाला असेल, तर तडक उपकेंद्रात सिस्टरला दाखवा. तीन दिवसांत लस मिळाली तर आजार टळू शकतो, निदान हलका जातो. साथीत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही कधी जादा डोस देतात, तेही विचारा. सहा महिन्यांखालचं बाळ आणि गरोदर बाई यांना ही लस देत नाहीत. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं.

दोन्ही डोस झालेल्या धडधाकट पोराला कोंडायची गरज नाही. बाकीच्यांनी २१ दिवस शाळा, अंगणवाडी, बाजार, लग्न, सगळं टाळायचं. गुरुजींना आणि अंगणवाडीताईंना स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते, हे मी रोज पाहते. तरी पोराला वावरात नेऊन बाकीच्या लेकरांसोबत बाभळीखाली ठेवू नका. आजीला गोवर होऊन गेला असेल तर तिच्याजवळ ठेवा.

आपली घरं एका खोलीची, वेगळी खोली कुठून आणायची? आजारी पोर तिथून उठून गेल्यावरही त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा, दिवसा खाट ओसरीत सावलीला टाका. घरातली भावंडं बहुधा आधीच लागणीत आलेली असतात. त्यांच्या ताटवाट्या वेगळ्या करण्यात जीव काढण्यापेक्षा त्यांची लस पाहा आणि बाहेरच्यांना आत घेऊ नका.

सावळ्या अंगावर दाणे लाल दिसतीलच असं नाही. उजेडात नेऊन कानामागं, मग कपाळावर बोट फिरवा, बारीक रवाळ लागतं. तिथून ते खाली छाती-पोटावर उतरतात. दिसले की मला किंवा सिस्टरला फोन करा. न कळवता ओपीडीच्या गर्दीत किंवा भरल्या काळीपिवळीत बसू नका. दाणे उठल्यापासून किमान ४ दिवस लेकराला कुणात मिसळू द्यायचं नाही. मी ७ दिवस सांगते.

गोवराला देवी मानून "माय आली" म्हणत कुणी दारावर कडुलिंबाची डहाळी लावत असेल तर लावू द्या. येणारा-जाणारा बाहेरूनच परततो, ते चांगलंच आहे. पण मायच्या नावानं लेकराला उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, घोट घोट पाणी, पेज, मऊ वरण-भात द्या. जुलाब लागले तर ओआरएस. डोळ्यांत काजळ, दूध, झाडपाल्याचा रस काही घालायचं नाही, उकळून गार केलेल्या पाण्यानं नुसते पुसा. ताप असेल तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. अॅस्पिरीन नको. अ जीवनसत्त्वाचं औषध मात्र मागून घ्या. वयाप्रमाणे मात्रा असते आणि ती सलग दोन दिवस देतात. गोवरानं डोळे जाऊ शकतात, ते यानं वाचतात. बाहेरून आणून मनानं पाजू नका, जास्त झालं तर बाधतं.

श्वास भराभर चालला, बरगडीखाली खड्डा पडतोय, दूध-पाणी घेत नाही, झटका आला, उठवूनही गुंगीतच आहे किंवा बुबुळ पांढुरकं झालंय, यांतलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन लावा. गाडीत बसताना गोवर आहे हे आधी सांगा.

दाणे काळपट पडून पापुद्रे निघाले तरी पुढं काही आठवडे अंगात ताकद नसते. तेव्हा जुलाब आणि न्यूमोनिया पटकन धरतात, म्हणून रोज एक जेवण जादा द्या. आणि २१ दिवस झाले, काही उठलं नाही, तर कार्ड घेऊन लसीकरणाच्या दिवशी या. दुसरा डोस राहिला असेल तर तो कधी घ्यायचा ते सिस्टर कार्ड पाहून सांगेल.