परसबागेतल्या अळ्या आणि लाल कोळी: या चुका टाळा

फेब्रुवारी सरला की सांगली-साताऱ्याच्या गच्च्यांवर आणि परसात दोन तक्रारी बरोबरच सुरू होतात. एक, वांग्याच्या, भेंडीच्या पानांना भोकं पडतायत. दुसरी, पानं पांढुरकी होऊन वाळतायत. दोन्हींवर एकाच बाटलीतलं औषध मारलं जातं आणि पंधरा दिवसांत झाड आणखी बिघडतं. भोकं पाडते ती अळी, म्हणजे पतंगाचं पिल्लू. पानं पांढुरकी करणारा लाल कोळी हा कीटकच नाही, तो आठ पायांचा, घरातल्या कोळ्याच्या जातकुळीतला जीव आहे. अळीचं औषध त्याला बहुतेक वेळा लागूच पडत नाही.

पान उलटून न बघता फवारणी

लाल कोळी पानाच्या पाठीवर राहतो. वरून दिसतात ते सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, म्हणजे त्याने रस शोषल्याच्या खुणा. पान उलटलं की शिरांच्या कडेला धूळ बसल्यासारखं दिसतं आणि उपद्रव वाढला असेल तर बारीक जाळीही. खात्री करायची तर पानाखाली पांढरा कागद धरा, पानाला दोन टिचक्या मारा आणि अर्धा मिनिट थांबा. धुळीचे कण जागच्या जागी राहतात, कोळी चालायला लागतात. बोटाने दाबले तर कागदावर तांबूस-हिरवट रेघ उमटते.

अळीची खूण म्हणजे लेंड्या. खालच्या पानावर काळपट-हिरवे दाणे दिसले की त्यांच्या बरोबर वरचं पान बघा, अळी बहुधा तिथेच सापडते. भोकं आहेत, लेंड्याही आहेत, पण दिवसा अळी दिसत नाही, अशा वेळी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा. ‘तंबाखूची पानं खाणारी’ म्हणून ओळखली जाणारी, पण भाज्यांवरही येणारी अळी मोठी झाली की दिवसा मातीत लपते आणि रात्री वर चढते. तिची अंडी पानामागे एकाच पुंजक्यात असतात आणि वर भुरकट केसांची लव असते. एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात, म्हणून ते पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवणं हे कुठल्याही फवारणीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं काम.

मिरचीच्या बाबतीत घोटाळा जास्त होतो. शेंडा आकसला की ‘बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आला’ म्हणून रोप उपटून टाकतात. आधी पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून पानाची वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं आणि देठ लांबलेले दिसले तर पिवळा कोळी. हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि जाळीही करत नाही. भिंग नसेल तर पानाच्या वळणावरूनच ठरवा.

अळीसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन कोळ्यावर मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अशा औषधाने कोळी खाणारे मित्रकीटक आणि परभक्षी, म्हणजे शिकार करणारे, कोळी आधी मरतात, लाल कोळी मात्र बराचसा तगतो. मग त्याला मोकळं रान. तीस अंशांच्या आसपास त्याची पिढी साधारण आठवड्यात तयार होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. ‘औषध मारल्यावरच कोळी वाढला’ असं लोक म्हणतात ते खरंच असतं.

कोळ्यावर पहिला उपाय पाण्याचा. पाइपच्या टोकावर अंगठा धरून पानांच्या पाठीवर जोराची धार सोडा, एक दिवसाआड तीन वेळा. सकाळी लवकर करा म्हणजे पानं दिवसभरात वाळतात. जाळीने भरलेली खालची पानं आधी काढून पिशवीत बांधा. अंगणाच्या कोपऱ्यात टाकली तर कोळी परत झाडावर येतो.

त्यानंतर नीम तेल. एक लिटर पाण्याला 5 मिली तेल आणि 1 ते 2 मिली पातळ साबण. तेल थेट बादलीत ओतलं की वर तवंग येतो. मग पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या फवाऱ्यातल्या तेलाने पानं करपतात. आधी कपभर कोमट पाण्यात साबण, त्यात तेल, दुधासारखं होईपर्यंत ढवळा, मग उरलेलं पाणी घाला. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि त्याचे पांढरे कण तरंगतात. तेव्हा आरओ यंत्राचं पाणी वापरा, नुसतं गाळून जडपणा जात नाही. कपडे धुण्याची पावडर नको, त्यातल्या सोड्याने पान भाजतं. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. फवारणी सूर्य कलल्यावर करा आणि तयार केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

एकदा मारून थांबू नका. अंडी शाबूत राहतात आणि चार-पाच दिवसांत नवे कोळी बाहेर येतात. पाच दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या झाल्याशिवाय निकाल ठरवू नये.

गंधकाची घाई

तासगाव, पलूस भागात द्राक्षाच्या भुरीसाठी आणलेलं 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक घरोघरी असतं. कोळ्यावर, विशेषतः मिरचीच्या पिवळ्या कोळ्यावर, ते चांगलं चालतं: लिटरला 2 ग्रॅम. पण पारा 32-33 अंशांच्या वर गेला की पानं करपण्याचा धोका असतो, म्हणून सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ते बाजूलाच ठेवा. नीम तेल मारलं असेल तर पंधरा दिवस गंधक नको. काकडी, दोडका, कारलं यांना ते सोसत नाही.

बीटी मारून दुसऱ्या सकाळी निराश होणं

अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे दुकानात ज्याला ‘बीटी’ म्हणतात ते जैविक औषध, परसबागेला सर्वांत योग्य. लिटरला 1 ते 2 ग्रॅम. पाकिटावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा. ते अळीच्या पोटात जावं लागतं. पोटात गेलं की काही तासांत तिचं खाणं थांबतं, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. अळी हलताना दिसली म्हणून दुसरं जहाल औषध मारू नका. उन्हाने बीटी लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळीच मारा. बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या अळ्यांवर त्याचा जोर कमी पडतो, त्या हाताने वेचा. कोळ्यावर त्याचा काहीही उपयोग नाही.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा

कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना किडकं वांगं चिरताना किती हळहळ वाटते ते वेगळं सांगायला नको. पाणी भरपूर असूनही एखादाच शेंडा मलूल दिसला तर आत शेंडे आणि फळे पोखरणारी अळी आहे. बाहेरून फवारलेलं आत पोचत नाही. कोमेजलेल्या भागाच्या बोटभर खाली कापा आणि शेंडा उभा चिरून बघा. आत पांढुरकी-गुलाबी अळी दिसली तर कापणी बरोबर जागी झाली. नुसता लेंड्यांचा बोगदा दिसला तर अळी खाली आहे, आणखी कापा. कापलेले शेंडे कंपोस्टमध्ये टाकले तर अळी तिथेच कोष करून पतंग होते. त्यांना साबणाच्या पाण्यात बुडवा.

फळावरचं मोठं भोक बघून धावपळ करण्यात अर्थ नाही, ते अळी बाहेर पडल्याचं भोक असतं. ती आत शिरते बहुधा देठाच्या हिरव्या टोपीखालून, आणि ते भोक बुजून जातं. म्हणून शेंड्यांवर दर तीन दिवसांनी नजर हवी. कामगंध सापळा, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची गोळी ठेवलेला सापळा, लावत असाल तर वांग्याच्या अळीचीच गोळी मागा; टोमॅटोच्या फळअळीची गोळी इथे उपयोगाची नाही. सापळ्यात फक्त नर पतंग येतात. त्याचा उपयोग कीड आली हे कळण्यापुरता धरा.

मळ्यातलं उरलेलं औषध

बागेतून उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत घरी आणून परसातल्या भाजीवर मारणं ताबडतोब थांबवा. लेबल नसल्याने प्रमाण कळत नाही आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं तेही कळत नाही. भेंडी-वांगी तर दोन-तीन दिवसांआड तोडली जातात, तेवढे दिवस थांबणं घरात होत नाही. आणि ती बाटली मुलांच्या हाती लागू शकते.

जूनमध्ये पाऊस लागला की कोळी धुऊन कमी होतो. तेव्हा नीम तेलाच्या फवारण्या थांबवा आणि दर दोन दिवसांनी पानामागचे अंडीपुंज शोधायला लागा.