स्पॅनिश घेताय? मग घरातलं पोर्तुगीज आधी कपाटात ठेवा

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. आठवीत शाळेत स्पॅनिशचा ऑप्शन आला आणि मी डोळे झाकून घेतलं, कारण आजोबा पोर्तुगीजांच्या काळात शिकलेले, त्यांची जुनी डिक्शनरी घरात, म्हटलं दोन्ही भाषा बहिणी-बहिणी, अर्धा अभ्यास आयताच झाला.

तिथंच माती खाल्ली. सहामाहीला उतारा होता, एक मुलगी आजीकडे जेवते आणि म्हणते जेवण 'एक्सकिसिता' होतं. आजोबांच्या पोर्तुगीजमध्ये 'इश्किझितु' म्हणजे विचित्र. मी बिनधास्त लिहिलं की पोरीला जेवण आवडलं नाही, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच सुरात, आजी रुसली वगैरे. स्पॅनिशमध्ये तो शब्द म्हणजे एकदम चविष्ट! दहात एक मार्क. अजून आठवलं की कान गरम होतात.

असे शब्द ढीगभर आहेत. 'पोल्वो' पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपस, स्पॅनिशमध्ये धूळ. 'लार्गो' तिकडे रुंद, इकडे लांब. 'ओफिसिना' तिकडे गॅरेज, इकडे ऑफिस. अनोळखी शब्द दिसला की आपण शोधतो तरी, ओळखीचा वाटला की शोधतच नाही, आणि मरतो तिथंच. 'पोर्तुगीज येतं ना, मग काय' म्हणणाऱ्या काका-मामांचं अजिबात ऐकू नका. ॲपवरचा स्ट्रीक दाखवणाऱ्यांचंही नको. चारचौघांत उच्चार सुधारणारी टीचर मिळाली तर राग गिळा, तीच कामाची. माझ्या टीचरनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, स्पॅनिशमध्ये 'जे' (J) अक्षर म्हणजे 'ह'. ३ डिसेंबरला ज्याच्या फेस्ताला अख्खा गोवा जुन्या गोव्यात लोटतो तो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, १५०६ साली जन्मला आताच्या स्पेनमधल्या नावारात, हाविएरच्या (Javier) किल्ल्यात. आपण झेवियर म्हणतो ते मुळात हे हाविएर. आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

सेर-एस्तार, म्हणजे 'असणे'साठीची दोन वेगळी क्रियापदं, सगळेच रडत शिकतात, तुम्हीपण शिकाल.

आणि घाबरू नका हो, मराठीवाल्यांना बरंच फुकट मिळतं. त, द आपलेच, 'टाको' नाही, 'ताको'. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे सरळ 'मला आंबा आवडतो', आंबे झाले की 'गुस्तान', आपलं 'आवडतात' तसंच. इंग्लिशमधून विचार करणारी पोरं इथं गटांगळ्या खातात. वारांचं तर विचारूच नका. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे 'सेगुंदा', नुसता दुसरा नंबर. स्पॅनिशमध्ये लुनेस चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, बिएर्नेस शुक्राचा. हे पाठ करायला आजोबांची डिक्शनरी नको, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.