लेहला विमानानं की बसनं? नाशिकहून निघताना या चुका टाळा

लेहच्या हॉटेलात बॅग उघडली, तर नाशिकहून नेलेलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. मामी हसायला लागली, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. दुपारी आम्ही शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो आणि संध्याकाळी मामी बेसिनपाशी वाकून बसली. पाकीट ज्यानं फुगवलं त्यानंच तिला आडवं केलं होतं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. नाशिक सुमारे ६०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्म्यालाही पोचत नाही.

विमान घ्यावं की बस, असं विचारणारे बहुतेक जण तिकिटाचे पैसे आणि प्रवासाचे तास विचारतात. मी आता उलट विचारते: कुठली रात्र किती उंचीवर झोपणार?

"विमानानं दीड तासात पोचतो" हा हिशेब

दिल्ली ते लेह विमान दीड तासाच्या आतबाहेरचं, हे खरं. पण लेहची बहुतेक विमानं सकाळीच असतात. दुपारनंतर खोऱ्यात वारा उठतो, हवा तापून आणखी विरळ होते आणि विमानाला वजन उचलणं जड जातं. त्यामुळे नाशिककरानं दिल्लीत एक मुक्काम धरायचाच. शिवाय पोचल्यावर दोन दिवस खोलीत आणि फार तर गल्लीत.

समजा, सोमवारी संध्याकाळी घर सोडलं. मंगळवारी सकाळी लेह, मंगळवार-बुधवार आराम, गुरुवारी खरं फिरणं सुरू. आता रस्त्यानं बघा. सोमवारी नाशिकरोडहून रेल्वे, मंगळवारी दिल्लीहून बस, बुधवारी हिमाचलातल्या केलाँगला मुक्काम, गुरुवारी रात्रीपर्यंत लेह, शुक्रवारी आराम, शनिवारी बाहेर. फरक दोन दिवसांचा निघाला. सुट्टी सहा दिवसांची असेल तर हे दोन दिवस सोन्याचे आहेत, विमानच घ्या. दहा-बारा दिवसांची असेल तर घाई कशाला?

"रस्त्यानं गेलं की त्रास होत नाही"

हे अर्धसत्य मी सगळ्यात जास्त ऐकते. रस्त्यानं शरीराला वेळ मिळतो खरा, पण कुठल्या रस्त्यानं आणि मुक्काम कुठं, यावर सगळं आहे. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे.

मनालीकडून जाणारा रस्ता लेहपेक्षा बराच वर चढून मग खाली उतरतो. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग टळला, पण पुढचे घाट तिथंच आहेत: बारालाचा, मग गाटा लूप्सची २१ वळणं, लाचुंगला आणि ५,३०० मीटरपलीकडचा तंगलंगला. टेम्पो ट्रॅव्हलरवाले पुष्कळदा सरचूला तंबूत रात्र काढायला लावतात. सरचू ४,२०० मीटरच्या वर. मनालीत २,००० मीटरवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री तिथं झोपला, तर विमानानं लेहला उतरण्यापेक्षाही त्याचे जास्त हाल होतात. आम्ही पुढच्या खेपेला तेच केलं. मामानं रात्रभर झोप अशी घेतलीच नाही, डोकं धरून तंबूच्या दाराशी बसून होता.

हिमाचलची सरकारी एसटी इथं उजवी ठरते. दिल्लीहून निघणारी ही बस केलाँगला थांबते (३,१०० मीटरच्या आसपास), भल्या पहाटे निघते आणि सगळे घाट एका दिवसात ओलांडून लेहला झोपायला नेते. बूड दुखतं, पण झोपेची उंची शहाणपणाची राहते. ती उन्हाळ्यात, रस्ता उघडल्यावरच चालते. त्या वर्षी सुरू झाली का, हे पक्कं केल्याशिवाय दिल्लीपर्यंतचं रेल्वेचं तिकीट काढून बसू नका.

आई-बाबा बरोबर असतील तर मी श्रीनगरचा रस्ता सांगेन. श्रीनगर म्हणजे साधारण कळसूबाईचीच उंची. पुढे झोजीला घाट ओलांडून कारगिलला, २,७०० मीटरच्या जरा आत, एक रात्र. दुसऱ्या दिवशी फोटूला घाट (४,१०८ मीटर) पार करून लेह. ही चढण शरीराला पटते.

"मी दर रविवारी हरिहर चढतो"

चढा की. पण विरळ हवेला तुमच्या मांड्यांशी काही देणंघेणं नाही. तंदुरुस्त तरुण आडवे पडतात आणि आजी आरामात चहा पीत बसते, हे लेहमध्ये रोज दिसतं. उलट तंदुरुस्त माणूसच पहिल्या दिवशी भटकायला निघतो आणि फसतो.

पहिल्या दिवशी डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे नेहमीचं. पडून राहा, पाणी घोटघोट प्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नका. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, खोकला थांबत नाही, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात थेट न्या. खाली उतरणं हाच खरा उपाय, पण लेहमधून रस्त्यानं लडाखबाहेर उतरायचं तर आधी एखादा घाट चढावाच लागतो, म्हणून ऑक्सिजनला उशीर नको. विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी नाशिकमधूनच, आपल्या डॉक्टरांना विचारून न्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

तिकिटं फोडून काढणं

ही माझी स्वतःची चूक. मुंबई-दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली-लेह दुसरीचं, दोन वेगळी तिकिटं; हजारेक रुपये वाचले म्हणून मी खूश. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. दिल्लीत टर्मिनल बदलून धावत पोचले, तर काउंटर बंद. दुसऱ्या कंपनीचा उशीर ही आमची जबाबदारी नाही, असं मला शांतपणे सांगण्यात आलं, आणि नियमानं ते बरोबरच होतं. त्या दिवशी पुढचं विमान नव्हतंच. दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. तेव्हा एकाच बुकिंगमध्ये दोन्ही विमानं घ्या, नाहीतर मध्ये रात्र सोडा. ओझरहून थेट दिल्लीची वेळ जमत असेल तर मुंबईचं तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून कसारा घाटात अडकायला जाऊ नका.

बारीकसारीक, पण अडवणारं

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. बसनं जाणाऱ्यांनी केलाँगच्या पुढे ना एटीएमची आशा धरावी ना रेंजची. रोख रक्कम, कोरडा खाऊ आणि पाणी हाताशी ठेवा. दरड कोसळली तर बस जिथं थांबेल तिथंच जेवण. विमानानं जाणाऱ्यांनी पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला लावतात.

परतीचा दिवस

जाताना रस्ता आणि येताना विमान, हा माझा आवडता जोड. पण लेहहून विमान खराब हवेमुळे रद्द होतं, आणि कधीकधी लागोपाठ दोन दिवससुद्धा. रद्द झाल्यावर कंपनी पैसे परत देते किंवा दुसरं विमान देते, पण दिल्लीहून नाशिकरोडची तुमची राजधानी थांबत नाही. म्हणून पुढच्या रेल्वेआधी एक दिवस रिकामा ठेवा. आणि विमानाच्या आदल्या दिवशी पँगाँग तलावाला जाऊ नका; वाटेतल्या चांग-ला घाटावर जूनमध्येही बर्फ पडतो आणि रस्ता बंद झाला की तुम्ही पलीकडे अडकता. त्या दिवशी लेहच्या बाजारात सुके जर्दाळू घ्या. मामीनं चार किलो घेतले आणि विमानात द्यायच्या बॅगेच्या पंधरा किलोच्या मर्यादेवर गेलेले अडीच किलो माझ्या जाकिटाच्या खिशांतून नाशिकला आले.