पोराला कोड खरंच वाचता येतो का, नजरेवरून कसं बघायचं

प्लेसमेंट जवळ आली की कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये दरवर्षी तेच, पोरगं म्हणतं सर कळला कोड, आणि आउटपुट विचारलं की छताकडे बघतं. म्हणून आय ट्रॅकर, म्हणजे नजर स्क्रीनवर कुठे आहे ते टिपणारं यंत्र, लावून बघायला लागलो.

टोबी कंपनीसारखा इन्फ्रारेडवाला, म्हणजे डोळ्यावर न दिसणारा प्रकाश टाकून नजर पकडणारा, मिळाला तर बेस्ट. वेबकॅमवर चालणारं वेबगेझर सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यात नजर नेमकी कुठल्या ओळीवर होती ते नाही कळत. चांगल्या ट्रॅकरचीसुद्धा अर्धा अंश चूक धरा, 60 सेंमीवरून ती स्क्रीनवर 5 मिमी होते, म्हणजे नेहमीच्या फॉन्टमध्ये सरळ शेजारची ओळ! त्यामुळे फॉन्ट 20, ओळींमध्ये डबल जागा, आणि कोड 15-20 ओळींचाच, स्क्रोल नकोच. खिडकीला पडदा लावा, उन्हातही इन्फ्रारेड असतं, पश्चिमेच्या खिडकीपायी आमच्या दोन दुपारी वाया गेल्यात.

पोराला आधी विचारून घ्या, रेकॉर्डिंग चालेल का. मग 9 ठिपक्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ठिपक्यांकडे बघायला लावून ट्रॅकर त्याच्या डोळ्यांशी जुळवून घेणं, आणि ते प्रत्येक कोडनंतर परत चेक करा कारण पोरं हळूहळू खुर्चीत घसरतात. कोडमध्ये एकच चूक ठेवा, लूप (तेच काम परत परत करणारा भाग) एक फेरी जास्त फिरतोय अशी काहीतरी, आणि ती पोराला शोधायला सांगा.

आता बघायचं काय? नजर किती वेळ थांबली यापेक्षा कुठून कुठे गेली ते. बुसयान वगैरे संशोधकांच्या 2015 च्या अभ्यासात नवखे वरून खाली ओळीने जास्त वाचत होते, अनुभवी लोक त्यामानाने उड्या मारत. आणि 2006 मध्ये जपानच्या उवानो मंडळींना दिसलं की सुरुवातीला सगळ्या कोडवरून नजर फिरवायला ज्यांनी कमी वेळ दिला त्यांना चूक सापडायला उशीर लागला. हे मी आता पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

पण यावरून मार्क देऊ नका राव. एका ओळीवर नजर अडकली म्हणजे पोरगं गोंधळलंय किंवा मन लावून विचार करतंय, दोन्ही होऊ शकतं, मशीनला फरक कळत नाही. रेकॉर्डिंग त्याच्यासमोर परत लावा आणि विचारा, इथे काय चाललं होतं डोक्यात? निफाडकडचा मराठी मीडियमचा एक पोरगा एकाच ओळीवर अडकून बसला होता, मी म्हटलं लूप कच्चा आहे याचा, तर तो म्हणतो सर, 'थ्रेशोल्ड' म्हणजे काय? व्हेरिएबलचं नाव 'मर्यादा' केलं आणि चूक त्याने लगेच दाखवली.