गळ टाकण्याआधी पाणी वाचावे

गोड्या पाण्यात गळाने मासे धरायला निघालेला नवा माणूस सर्वांत आधी रॉड, रीळ आणि आमिष यांची चौकशी करतो. ही चौकशी गैर नाही. पण नदीकाठी आणि तळ्याकाठी बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, रिकाम्या हाताने परतण्याचे कारण सामानात क्वचितच सापडते, ते बहुतेक वेळा गळ पडलेल्या जागेत असते. त्यामुळे काठावर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास सामान सोडूच नये. पाण्यापासून चार पावले मागे उभे राहावे आणि पाणी कुठे धावते, कुठे थबकते, कुठे बुडबुडे येतात हे नुसते पाहावे.

नदीतल्या माशाला अन्न प्रवाहच आणून देतो, परंतु त्याच प्रवाहात सतत पोहत राहिले तर मिळालेले अन्न पोहण्यातच खर्ची पडते. त्यामुळे तो वेगवान धारेच्या अगदी लगतच्या संथ पाण्यात उभा राहतो आणि धारेतून काही वाहत आले की तेवढ्यापुरता पुढे सरकून ते टिपतो. धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना चाटून जातात तिथे पृष्ठभागावर फेसाची किंवा काडीकचऱ्याची बारीक रेघ दिसते. त्या रेघेवर गळ वाहत जाईल अशा बेताने तो वरच्या अंगाला टाकावा. मोठ्या खडकाच्या मागे मासा असतो हे बहुतेकांना ठाऊक असते, पण खडकावर आपटून पाणी मागे रेटले जाते त्या पुढच्या बाजूलाही तशीच निवाऱ्याची जागा तयार होते आणि तिकडे सहसा कोणी गळ टाकत नाही. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल असते आणि आतल्या काठाला वाळू साचून उथळ असते, त्यामुळे दिवसा बाहेरचा काठ धरावा. पाऊस पडून पाणी नुकतेच गढूळ होऊ लागले की ओढा जिथे नदीला मिळतो ती जागा उत्तम, कारण वाहून आलेली गांडुळे आणि किडे तिथे येऊन पडतात.

तळ्यात ओढ नसल्यामुळे वाऱ्याकडे लक्ष द्यावे लागते. वारा काही तास एकाच दिशेने वाहत राहिला की पृष्ठभागावरचे अन्न तो ज्या काठाकडे लोटतो त्या काठाला मासे जमतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यात गळ टाकणे त्रासाचे असते, तरीही मी तोच काठ पसंत करतो. थांबून थांबून येणारे बारीक बुडबुड्यांचे पुंजके दिसले, आणि ते हळूहळू एका दिशेने सरकत असले, तर तळचा गाळ उकरत चरणारा मासा तिथे आहे असे समजावे. एकाच जागेवरून येणारे मोठे बुडबुडे मात्र कुजणाऱ्या पाल्यातल्या वायूचे असू शकतात.

भल्या पहाटे मासे हमखास लागतात, असे सर्रास सांगितले जाते. नदीवर ते पुष्कळदा खरे ठरते, परंतु वनस्पतींनी भरलेल्या तळ्यावर उन्हाळ्यात त्याच्या नेमके उलट घडू शकते. पाणी जितके कोमट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंश सेल्सिअस तापमानाला प्रतिलिटर सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. त्यात रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तळ्यात त्याची सर्वांत मोठी टंचाई असते. एका उन्हाळ्यात अशाच तळ्यावर मी अंधार असताना पोहोचलो होतो. उजाडले तेव्हा काठापासून हातभर अंतरावर मासेच मासे दिसले, सर्वांची तोंडे पृष्ठभागाला टेकलेली आणि कल्ले भराभर उघडमीट करणारे. समोर पडलेल्या गांडुळाला एकानेही तोंड लावले नाही. ऊन चढून पाणवनस्पतींवर पडल्यावर साधारण नऊच्या सुमारास ते खाली गेले, आणि त्यानंतर तासाभराने पहिल्यांदा फ्लोट, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा दोरीवरचा तरंगता तुकडा, हलला. पृष्ठभागावर हवेसाठी धडपडणारे मासे दिसले की गळ टाकूच नये, असे मी त्या दिवसापासून ठरवले आहे. अशा माशाला ओढून दमवले आणि परत सोडले तरी तो जगण्याची शक्यता फार कमी असते.

जागा ठरली की खोली मोजावी, आणि हे काम कंटाळा न करता करावे. गळाला थोडे जड वजन अडकवून तो ठरलेल्या जागी टाकावा. फ्लोट पाण्याखाली ओढला गेला तर गळ आणि फ्लोट यांमधले अंतर खोलीपेक्षा कमी आहे, आणि फ्लोट आडवा पडला तर ते जास्त आहे. फ्लोट सरकवत सरकवत त्याचे टोक तेवढे पाण्याबाहेर राहील असे अंतर साधले की तीच तिथली खोली. पाच-सहा ठिकाणी असे मोजले म्हणजे तळाचा उतार, खड्डा, उंचवटा हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. उथळ भाग जिथे एकदम खोल होतो त्या कडेवरून मासे ये-जा करतात.

आमिष कोणत्या थरात ठेवायचे हे माशाचे तोंड सांगते. कटल्याचे तोंड वरच्या अंगाला वळलेले असते आणि तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळ तळाशी चरतो. मिशा असलेले मासे बहुधा तळाचेच, कारण त्या मिशांनी ते गढूळ पाण्यातही अन्न चाचपतात आणि चव घेतात. तळाच्या माशासाठी मी शेवटचे बारीक वजन गळापासून चार बोटांवर, तळाला टेकेल असे लावतो. अशा मांडणीत मासा लागला की फ्लोट बुडेलच असे नाही. मासा आमिष तोंडात घेऊन मान वर उचलतो, त्याबरोबर वजनही उचलले जाते, आणि त्या वजनाने ताठ उभा असलेला फ्लोट एकदम वर येऊन पाण्यावर आडवा होतो. तो बुडण्याची वाट पाहिली तर मासा आमिष थुंकून निघून जातो. फ्लोट वर उठताना दिसताच मनगटाने हलका झटका द्यावा.

गळाचे आकडे प्रथम गोंधळात टाकतात: आकडा जितका मोठा तितका गळ लहान, आणि १ क्रमांकानंतर १/०, २/० असे गळ मोठे होत जातात. गळ माशाच्या तोंडाला आणि आमिषाला शोभेल एवढाच असावा, शंका आल्यास एक माप लहान गळ घ्यावा. नायलॉनच्या दोरीला गाठ मारताना पाच-सहा वेढे द्यावेत आणि घट्ट ओढण्यापूर्वी गाठ ओली करावी, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापून कमकुवत होते. वजने शक्यतो शिशाची नसावीत. शिसे पोटात जाऊन हंस दगावतात हे दिसून आल्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ मध्ये बंदी आली. कथिलाची किंवा टंगस्टनची वजने तेच काम करतात.

काठावर धप्प पाऊल पडले तर ती कंपने माशाच्या पार्श्वरेषेला, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या संवेदनशील रेषेला, जाणवतात. कार्प (कटला, रोहू, मृगळ यांच्या कुळातले मासे) आणि मिशांच्या माशांत तर हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान विशेष तिखट असतात. हळू आवाजात बोललेले चालते, डबा खडकावर आपटलेला चालत नाही. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दिसते आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला दबून पुसट होतात, म्हणून उभे राहण्यापेक्षा बसून गळ टाकावा आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

आपल्या जिवाची काळजी दोन बाबतींत विशेष घ्यावी. कार्बनच्या रॉडमधून वीज सहज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली आणि वादळात तो उभारू नये. धरणाच्या खाली बसताना पाणी केव्हाही सोडले जाऊ शकते हे लक्षात ठेवून परतीची वाट आधीच पाहून ठेवावी. त्या पाण्यावर परवाना लागतो का आणि विणीच्या हंगामात मनाई आहे का, याची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करावी. मरळीच्या बाबतीत मात्र नियम असो वा नसो, मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: पृष्ठभागाशी नारिंगी-लालसर पिल्लांचा थवा घोटाळताना दिसला, तर त्यांची राखण करणारा पालक मासा खालीच असतो. तो चिडून गळावर धावून येतो आणि सहज लागतो, पण तो गेला की तो थवा काही वेळात दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. तिथून उठून दुसरीकडे बसावे.

मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण त्याच्या अंगावरचे बुळबुळीत आवरण त्याला रोगजंतूंपासून वाचवते आणि कोरड्या हाताने ते पुसले जाते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापावी. नंतर त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी अलगद पाण्यात धरावे, पुढे-मागे हलवू नये. कल्ले संथ लयीत उघडू-मिटू लागतात, शेपटीत ताकद आल्याचे तळव्याला कळते, आणि मग तो स्वतःच बोटांतून सुटून खोल पाण्याकडे जातो.