फाल्गुनात किनाऱ्यावरची फुलपाखरे कशी पाहावीत
कोकण किनाऱ्यावर फुलपाखरे पाहायला आठ-दहा जणांहून मोठा गट नेऊ नये आणि भल्या पहाटे पोहोचण्याची घाईही करू नये. पक्षिनिरीक्षकांना हे पटणार नाही, पण पंख उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखरे उडत नाहीत, म्हणून साडेआठ ते अकरा ही वेळ उत्तम. पुळणीमागच्या रुईची पाने खालून सावकाश तपासावीत: काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी प्लेन टायगर या फुलपाखराची असते. खाडीकाठी पिलूच्या झुडपांभोवती स्मॉल सॅमन अरब हे फुलपाखरू शोधावे. खुळखुळ्याचे वाळके झुडूप दिसल्यास मात्र तिथेच थांबावे, कारण त्यातील अल्कलॉइड या रसायनांसाठी टायगर आणि क्रो जातींच्या फुलपाखरांचे नर त्याला चिकटून बसतात. जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये.